घशाशी येणारं पित्त: निदानापासून रोजची गोळी सुटेपर्यंत

गेल्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी माझी रोजची गोळी बंद केली. आता त्रास झाला तरच थोडे दिवस घ्यायची. इथवर यायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला. या काळात मी बऱ्याच वेळा रात्री अंथरुणात उठून बसून मोबाईलवर शोधत असायचे की एंडोस्कोपीला किती दुखतं, नाकातली नळी चोवीस तास कशी सहन होते, गोळी जन्मभर घ्यावी लागते का. मराठीत फारसं काही सापडायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही. खाली आलेली औषधं आणि डोस माझ्यापुरते आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

त्रास सुरू झाला २०२१ च्या दिवाळीनंतर. छातीच्या मधोमध जळजळ, वाकून काही उचललं की आंबट पाणी घशापर्यंत. घरात सगळ्यांना पित्ताची सवय, त्यामुळे कोकम सरबत, मोरावळा, थंड दूध असं सगळं झालं. थंड दुधानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, नंतर पुन्हा तेच. पण रात्री दीड-दोनला ठसका लागून जाग यायला लागली, तोंडात कडवट-आंबट चव, घसा सोललेला. सकाळी काउंटरवर ग्राहकांशी बोलताना आवाज फुटायचा नाही.

३१ मार्च २०२२ ला, वर्षअखेरीच्या कामात, छातीत इतका दाब आला की मी खुर्चीत मागे टेकून बसले. दुखणं डाव्या खांद्याकडे जात होतं. शाखाधिकाऱ्यांनी क्षणही न दवडता रिक्षा बोलावली. ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते), काही तासांनी तेच पुन्हा, रात्रभर देखरेख आणि सकाळी इको. सगळं नॉर्मल आलं. घरी सोडताना फिजिशियन म्हणाले, "मॅडम, छातीत दुखलं की आधी हृदय बघायचं. पित्त आहे का ते आम्ही ठरवू, घरी ठरवायचं नाही." हे वाक्य मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. हृदयाचं दुखणं आणि अन्ननलिकेची जळजळ नुसत्या जाणिवेवरून वेगळी ओळखता येईलच असं नाही.

त्यांनी पँटोप्राझोल ४० दिली, रोज सकाळी एक, आठ आठवडे. ही गोळी कधी घ्यायची ते त्यांनी नीट समजावलं. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. आपण खाल्लं की ते कामाला लागतात आणि चालू असलेल्या पंपांनाच ही गोळी बंद करू शकते. म्हणून ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला हवी. जेवणानंतर घेतली तर बराचसा फायदा वाया जातो. माझ्यासाठी याचा अर्थ असा की पावणेसहाला पाण्याबरोबर गोळी आणि साडेसहापर्यंत चहा नाही. ज्या घरात उठल्या उठल्या आधण ठेवलं जातं, तिथे ही पाऊण तासाची वाट सोपी नसते. मी त्या वेळात पाणी भरायचं आणि भाजी निवडायचं काम लावून घेतलं.

दोन आठवड्यांत फरक पडला. कोर्स संपून जूनमध्ये गोळी थांबली आणि चार-पाच दिवसांत जळजळ पहिल्यापेक्षा जोरात परत आली. मला वाटलं आजार वाढला. नंतर पोटविकारतज्ज्ञांनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण गोळी सोडणाऱ्या अनेकांना हे कुणी सांगत नाही. आम्ल बरेच दिवस दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं. गोळी अचानक थांबली की काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त तयार होतं. डेन्मार्कमधल्या २००९ च्या एका अभ्यासात पित्ताचा काहीच त्रास नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली, तर त्यांच्यातल्याही अनेकांना जळजळ सुरू झाली. म्हणजे बंद केल्यावर होणारी सगळीच जळजळ मूळ आजाराची नसते.

मधल्या काळात आवाजासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला लाली होती, त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे अपॉइंटमेंट मिळण्याआधीच ऑगस्टमध्ये ज्वारीच्या भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. गिळायला त्रास, विनाकारण वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी किंवा रक्त कमी होणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही, हे मी तेव्हा शिकले. फोनवर "घास अडकतो" एवढं सांगितल्यावर पुढच्या आठवड्याची तारीख लगेच अलीकडे आली.

एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका आणि जठर बघणं, मिरजेत झाली. आदल्या रात्री हलकं जेवण, मग सकाळपर्यंत काही नाही. झोपेचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर सोबत माणूस हवाच आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, असं फॉर्मवरच लिहिलेलं होतं. नवऱ्यानं रजा टाकली. आत गेल्यावर सिस्टरनी घशात भुलीचा स्प्रे मारला. चव अतिशय कडू, आणि मिनिटाभरात असं वाटतं की घसा सुजलाय आणि आवंढा गिळता येत नाही. गिळता येत असतो, फक्त कळत नाही. घाबरायचं ते एवढंच क्षणभर. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी ठेवली, हातात इंजेक्शन दिलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पोटात हवा भरल्यासारखं, दोनदा उमासा, आणि सिस्टरचा खांद्यावरचा हात. दहा मिनिटांत झालं. दिवसभर घसा खवखवला, रात्री मऊ भात खाल्ला.

रिपोर्टमध्ये होतं: लॉस एंजेलिस ग्रेड ए, दोन सेंटिमीटरचा हायटस हर्निया, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची चाचणी निगेटिव्ह, बायोप्सी (तपासायला घेतलेला लहानसा तुकडा) पाठवली. ग्रेड ए ते डी अशी ही पद्धत अन्ननलिकेवरचे ओरखडे किती मोठे ते सांगते. ए म्हणजे पाच मिलिमीटरपर्यंतचे, सगळ्यात सौम्य. हायटस हर्निया म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलातल्या छिद्रातून थोडा वर छातीकडे सरकलेला. त्यामुळे अन्ननलिकेच्या तळाच्या झडपेला मिळणारा आधार कमी होतो. एच. पायलोरीबद्दल एक गोष्ट आधीच विचारून घ्या: या गोळ्या चालू असताना चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तपासणीआधी साधारण दोन आठवडे त्या बंद ठेवायला सांगतात. माझी गोळी जूनपासूनच बंद होती. बायोप्सीचा निकाल आठवड्यानं आला. त्यात काही वाईट नव्हतं आणि घास अडकण्याचं ॲलर्जीचं म्हणतात ते कारणही नव्हतं. तो आठवडा मात्र घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

खर्च ४,२०० रुपये एंडोस्कोपीचा आणि १,६०० बायोप्सीचे वेगळे. विम्याचं सांगते. मार्चमधला मुक्काम कंपनीनं मंजूर केला होता, कारण छातीत दुखतंय म्हणून दाखल केलं होतं. एंडोस्कोपीसाठी मला डे-केअरमध्ये घेतलं होतं, पण तो दावा नामंजूर झाला. पत्रात "एक्सक्लुजन ०४" असं होतं. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टींना ठरावीक क्रमांक असतात, आणि निव्वळ तपासणी व निदानासाठी दाखल होणं हा त्यातला चौथा. मी पॉलिसी उघडून वाचली, ते खरंच तसंच लिहिलेलं होतं. तेव्हा अशा तपासणीआधी ओपीडीचं संरक्षण आहे का ते विचारा, नसेल तर पैसे खिशातून जाणार हे धरूनच चला. दाखल होऊन फायदा नसेल तर ओपीडीतूनच करून घेतलेलं स्वस्त पडतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, या वेळी सकाळ-संध्याकाळ. घास अडकणं थांबलं. रात्रीचा ठसका आणि घसा मात्र पुरते सुटले नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं असं की ग्रेड ए वरून रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं आम्ल उलटं वर येण्याचा आजार, आहे हे छातीठोक सांगता येत नाही. अशा खुणा बऱ्याच लोकांत दिसतात. इतक्या गोळ्या वर्षानुवर्षं द्यायच्या तर आधी खात्री करून घेऊ. त्यासाठी पुण्याला मॅनोमेट्री (अन्ननलिकेचं आकुंचन आणि झडपेचा दाब मोजणं) आणि चोवीस तासांची पीएच-इंपीडन्स तपासणी (आम्ल किती वेळा, किती वेळ वर येतं ते नोंदणं). तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, फेब्रुवारी २०२३ मधली. दोन्हीचे मिळून १६,५०० रुपये, आगाऊ.

तपासणीआधी सात दिवस गोळी बंद. तो आठवडा या सगळ्यातला सगळ्यात कठीण होता. अँटासिड आणि अल्जिनेटचं औषध (जठरातल्या अन्नावर फेसाचा थर धरून आम्ल वर येऊ न देणारं) चालायचं, शेवटच्या दिवशी तेही नाही. मी रात्री लोडाला टेकून बसूनच झोपत होते. शक्य असेल तर हा आठवडा लग्नकार्य, परीक्षा किंवा वर्षअखेर यांच्यापासून लांब ठेवा.

आधी मॅनोमेट्री. नाकात बधिर करणारी जेली लावतात आणि नळी आत सरकवताना स्ट्रॉनं पाणी पीत राहायला सांगतात. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, ते रडू नसतं. नळी घशाच्या वळणाखाली गेली की निम्मं काम झालं. मग आडवं झोपवून सिरिंजनं तोंडात पाच-पाच मिलिलिटर पाणी देतात आणि एकदाच गिळायचं. मध्येच आवंढा गिळायचा नाही, हेच अवघड. "गिळू नका" म्हटलं की गिळावंसंच वाटतं. तिथल्या तंत्रज्ञ ताई शांतपणे आकडे मोजत होत्या, मी त्यांच्या आवाजाकडे लक्ष लावलं. अन्ननलिकेचं आकुंचन चांगलं होतं, झडपेचा दाब कमी होता.

ती नळी काढून दुसरी, बारीक, तिच्याच मापानं झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवली. गालावर चिकटपट्टी, कानामागून वायर आणि खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला रेकॉर्डर. त्यावर बटणं: खायला सुरुवात-शेवट, आडवं झालं-उठलं, आणि त्रास झाला की वेगळं. सोबत एक कागद, घड्याळातली वेळ लिहायला. अंघोळ नाही. कर्वेनगरला मावशीकडे मुक्काम होता. रिक्षात, जिन्यात लोक वळून बघत होते. मी ओढणी गालावरून घेतली आणि नंतर सोडून दिली.

मावशीनं माझ्यासाठी मुद्दाम मऊ भात आणि मुगाचं वरण केलं होतं. मी तिला म्हटलं, मावशी, आज पथ्य चालणार नाही, रोज जसं खाते तसंच खायला सांगितलंय, नाहीतर तपासणीत काही दिसणारच नाही. तिला ते पटायला वेळ लागला. मग तिनं पिठलं टाकलं, ठेचा वाटला, भाकरी थापल्या. प्रत्येक घास गिळताना नळी घशात किंचित वर-खाली होते आणि घशात केस अडकल्यासारखं वाटतं. लहान घास, जास्त चावून, मध्ये पाण्याचा घोट. साडेनवाला जेवले, साडेदहाला आडवी झाले, सांगलीत व्हायचं तसंच. एकच्या सुमाराला ठसक्यानं जाग आली. अंधारात चाचपडत बटण दाबलं, कागदावर वेळ लिहिली. मावशी दारात उभी होती, तिच्या हातात पाण्याचा तांब्या. तिलाही झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी नळी काढायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत.

निकाल चार दिवसांनी ई-मेलनं आला. चोवीस तासांतल्या किती वेळात अन्ननलिकेत आम्ल होतं, हा त्यातला मुख्य आकडा. चार टक्क्यांखाली नॉर्मल, सहाच्या वर नक्की आजार. माझा ७.९ होता, त्यातला बहुतेक भाग झोपेतला, आणि मी दाबलेल्या बटणांच्या आधी खरोखरच आम्ल वर आलेलं दिसत होतं. तो आकडा पाहून मला हलकं वाटलं. सव्वा वर्ष जे मी सांगत होते ते कागदावर होतं.

मार्चमध्ये सर्जनना भेटलो. लॅपरोस्कोपिक फंडोप्लिकेशन या दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती गुंडाळून झडपेला आधार देतात. त्यांनी घाई केली नाही. पहिले काही आठवडे गिळायला त्रास होतो, काहींना ढेकर देता येत नाही आणि पोट फुगतं, काहींना वर्षांनंतर पुन्हा गोळ्या लागतात, हे सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझा हर्निया लहान, गोळीनं जळजळ आटोक्यात येत होती. तेव्हा आधी बाकीचं मनापासून करून बघायचं ठरवलं. तो पर्याय आजही माझ्या फाइलमध्ये आहे आणि ज्यांनी तो निवडला त्यांनी योग्यच केलं असणार.

बाकीचं म्हणजे झोप, जेवणाची वेळ आणि वजन.

त्रास झोपेत जास्त होता म्हणून सुरुवात पलंगापासून. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर हवी. आमचा पलंग खाली सामानाचे कप्पे असलेला, त्याला पायच नाहीत, ठोकळे लावणार कुठे? उशांवर उशा ठेवून भागत नाही, त्यानं नुसती मान वाकते आणि पोट दुमडून उलट दाब वाढतो. शेवटी गादीवाल्याकडून उताराची फोमची गादी करून घेतली, कमरेपासून डोक्यापर्यंत लांब, डोक्याकडे सात इंच उंच, कडक फोमची. १,४०० रुपये. पहिल्या आठवड्यात सकाळी मी घसरून पायथ्याशी असायचे. खाली रबराची जाळी घातली आणि गुडघ्यांखाली पातळ उशी घेतली, मग थांबलं. डाव्या कुशीवर झोपायला लागले, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. या दोन गोष्टींनी माझा रात्रीचा ठसका जेवढा कमी झाला तेवढा संध्याकाळच्या जादा गोळीनंही झाला नव्हता.

जेवण आणि झोप यात तीन तास ठेवायचे होते. मी सातला घरी येते, आमच्याकडे पान वाढायची वेळ साडेनऊ. मी साडेसातला एकटी जेवायला लागले तेव्हा सासूबाईंना फार लागलं. दिवसातून एकदाच सगळे एकत्र बसतो, तेही गेलं असं त्यांना वाटलं. मी त्यांना पुण्याचा आलेख दाखवला, रात्री अकरा ते दोनचा. "आई, हे बघा, हे सगळं जेवून लगेच आडवं झाल्यामुळे." त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याभरानं म्हणाल्या, "मलाही तेव्हाच वाढ." आता आम्ही दोघी साडेसातला जेवतो आणि साडेनऊला बाकीच्यांजवळ बसतो.

खाण्याची यादी प्रत्येकाची वेगळी असते. त्या चोवीस तासांच्या कागदासारखाच कागद मी महिनाभर भरला. माझ्या बाबतीत तिखटापेक्षा प्रमाण आणि वेळ जास्त नडते. दुपारी बेतानं तांबडा रस्सा चालतो, संध्याकाळी सहाला कामाच्या टेबलावर मूठ-मूठ करत खाल्लेलं भडंग चालत नाही. उपाशीपोटी चहा नाही. एकादशीला दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट, हे पूर्ण बंद. मी उपासाला आता वरीचा भात आणि ताक दुपारीच घेते. आणखी एक गोष्ट कुणी लिहिलेली दिसत नाही: परकराची नाडी. साडी नेसायच्या दिवशी ती करकचून बांधली की दुपारी जळजळ ठरलेली. मी रुंद इलॅस्टिकचे परकर शिवून घेतले.

वजन वर्षभरात सात किलो उतरलं, सकाळच्या चालण्यानं आणि रात्रीच्या लहान जेवणानं. कमी व्हायला लागलं तसं औषधही उतरवता आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये दोनाची एक गोळी, पुढच्या वर्षी ४० ची २०. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे जळजळ वाढायची, त्यासाठी अल्जिनेट जेवणानंतर आणि रात्री लागलंच तर फॅमोटिडीन, आम्ल कमी करणारं दुसऱ्या प्रकारचं औषध. फॅमोटिडीन रोज घेतलं की काही दिवसांत परिणाम उतरतो, म्हणून सलग नको म्हणाले. घरात त्याच जातीच्या जुन्या रॅनिटिडिनची पट्टी होती, ती डॉक्टरांनी टाकायला लावली. त्यात एनडीएमए ही कॅन्सरची शंका असलेली अशुद्धी सापडल्यामुळे अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं होतं, आणि भारताच्या आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीतूनही ते वगळलं गेलं.

लांब पल्ल्याची गोळी म्हटल्यावर वर्षातून एकदा बी-१२, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासतो. मी शाकाहाराकडे झुकलेली, माझं बी-१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या आणि पायांच्या मुंग्या गेल्या. औषधं मी जन औषधी केंद्रातून आणते, तेच पँटोप्राझोल ब्रँडेडच्या मानानं बरंच स्वस्त पडतं. आणताना फक्त पट्टीवर २० आहे की ४० हे बघून घ्या, आणि त्यात डॉमपेरिडोन हे मळमळीचं औषध मिसळलेलं नाही ना हेही. साध्या गोळीऐवजी काउंटरवर मिश्र गोळी सहज हातात येते, आणि डॉमपेरिडोन हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं.

आता मे २०२५ पासून गोळी फक्त गरजेला. एखाद्या लग्नात रात्री दहाला पंगत बसली तर दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर घेते, पुन्हा थांबते. प्रवासात उताराची गादी नेता येत नाही, तेव्हा बॅगेत अल्जिनेटची बाटली, आणि मुक्कामी पोहोचल्यावर गादीच्या डोक्याकडे खाली घडी घातलेली सतरंजी. घास पुन्हा अडकला किंवा गोळी दोन आठवड्यांहून जास्त सलग लागली तर तारखेची वाट न बघता फोन करायचा, असं डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय. पुढची भेट नोव्हेंबरमध्ये, बी-१२ चा रिपोर्ट घेऊन.